लग्नपत्रिकेत 'जर' छापतात का?

मंडळी, आज जरा तांत्रिक कुरकुर आहे. पण नातेवाइकांनी पळून जाऊ नये, कारण यात शून्य रुपये क्विंटलचा कापूस आहे आणि एक भाचाही आहे :-)

झालं असं... धरणगावातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यासाठी मी रिअ‍ॅक्टमध्ये रोजच्या भावांचं पान केलं. कापूस, मका, दादर, हरभरा. एके दिवशी भाव भरलेच गेले नाहीत आणि पानावर ठळक अक्षरात नुसतं '०' उमटलं. सकाळीच एका शेतकऱ्याचा फोन. "भाऊ, कापूस शून्यावर आला का?"

चूक माझीच. यादीची लांबी, पुढे दोन अँपरसँड, पुढे यादीचा टॅग, असं मी लिहिलं होतं. लांबी शून्य असली की जावास्क्रिप्ट ते शून्यच परत देतं. रिअ‍ॅक्ट 'फॉल्स' गिळतं, पण शून्य मात्र इमानेइतबारे छापतं.

पुण्याच्या भाच्याकडे उपाय तयारच होता. "मामा, व्ह्यूमध्ये असतं तसं टॅगवरच 'इफ' लिहायचं. बॅबलचं एक प्लगइन लावू. विषय संपला."

विषय संपत नाही, सुरू होतो. आधी त्याचं खरं ते मान्य करतो. तसं डिरेक्टिव्ह असतं तर ते शून्य छापलं गेलं नसतं. टर्नरीत टर्नरी, त्यात तिसरी टर्नरी अशा शिड्या मीही रचल्यात आणि पंधरा दिवसांनी माझ्याच शिडीवरून पडलोय. व्ह्यूशीही माझं भांडण नाही. तिथे टेंप्लेटची वेगळी भाषाच आहे आणि ती उघडपणे तसं सांगते. पण २०१३ साली रिअ‍ॅक्ट जेएसएक्स घेऊन आलं ते उलट म्हणत, की वेगळी भाषा कशाला, हातात अख्खं जावास्क्रिप्ट आहे ना! त्या घरात राहून आता दुसऱ्या घरचे नियम कशाला?

जेएसएक्समध्ये टॅगवर जे लिहाल ते प्रॉप, म्हणजे त्या कंपोनंटला दिलेली माहिती. भाव, रंग, शीर्षक. 'इफ' ही माहिती नाही, तो टॅग असावा की नसावा याचा निकाल आहे. लग्नपत्रिकेवर नावं असतात, मुहूर्त असतो, स्थळ असतं. 'लग्न ठरलं असेल तर' अशी ओळ कुणी छापतं का? ते आधी घरात ठरतं, मग पत्रिका छापखान्यात जाते.

दुसरं, एकाच टॅगवर 'इफ' आणि 'फॉर' दोन्ही आले तर आधी कोण? व्ह्यू २ मध्ये आधी 'फॉर' चालायचं. २०२० च्या व्ह्यू ३ मध्ये 'इफ' पुढे आलं. अक्षरं तीच, अर्थ उलटा! अँग्युलरने एका टॅगवर दोन स्ट्रक्चरल डिरेक्टिव्ह लावायलाच मनाई केली. साध्या जावास्क्रिप्टमध्ये हा प्रश्नच पडत नाही. जे बाहेर लिहिलंय ते आधी.

भाचा म्हणाला, "मग 'इफ' नावाचा कंपोनंट करू, प्लगइन नको." करून बघा. रिअ‍ॅक्टमध्ये त्याच्या पोटातला मजकूर अट खोटी असली तरी आधीच मोजला जातो. शेतकरी 'नल' असताना आत शेतकऱ्याचं नाव मागितलंत की पान कोसळलंच. पहारेकरी दारात उभा आणि चोर केव्हाच घरात :-)

आणि सगळ्यात मोठं कारण, ज्यासाठी हे एवढं लिहितोय. अँग्युलरजेएसमध्ये २०१३ साली 'एनजी-इफ' आलं. २०१६ च्या नव्या अँग्युलरमध्ये त्याला चांदणी लागली. २०२३ ला सतराव्या आवृत्तीत चांदणी जाऊन 'अ‍ॅट-इफ' आलं आणि २०२५ ला चांदणीवालं मोडीत काढायच्या यादीत गेलं. दहा वर्षांत एका 'जर'ची तीन स्पेलिंगं! जावास्क्रिप्टचं 'इफ' १९९५ पासून जागचं हललेलं नाही. आमच्या गावात एखादी मुलगी संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ बघून कोड शिकते, तिच्याजवळ वेळ किती? तिने घोटलेली गोष्ट दहा वर्षांनीही चालली पाहिजे. माझ्या प्लगइनचं 'इफ' फक्त माझ्या प्रोजेक्टात चालेल. उद्या मी नसलो तर त्या व्यापाऱ्याचं पान कुणी दुरुस्त करायचं?

मग दुरुस्ती काय केली? कंपोनंटच्या सुरुवातीलाच साधं 'इफ' लिहिलं. यादी रिकामी असेल तर 'आज भाव आलेले नाहीत' असं परत पाठवायचं आणि तिथेच थांबायचं. खाली टॅग स्वच्छ. दोन ओळी. प्लगइन नाही, नवं व्याकरण नाही. शिवाय कोऱ्या जागेऐवजी माणसाला कळेल असं एक वाक्य आलं, जे मी आधीच लिहायला हवं होतं. कुठलंही डिरेक्टिव्ह ते माझ्यासाठी लिहिणार नव्हतं.

असो. भाचा दिवाळीला येतोय. उरलेलं भांडण भरीत-पुरीवर :-)