सोनोग्राफी 'नॉर्मल', मग पोट का दुखते?

"डॉक्टर, सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी पोट दुखतेच!" ही तक्रार घेऊन रुग्ण नेहमी येतात. काहीजण तर दुसऱ्या गावी जाऊन तीच सोनोग्राफी पुन्हा करून आलेले असतात.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. पित्ताशयातील खडे, मूत्रपिंडाची सूज, गर्भाची वाढ यांसाठी ती उत्तमच. परंतु हवेपुढे या लहरींचे काही चालत नाही. (म्हणून तर पोटावर ते गार, चिकट जेल लावतात.) जठरात व आतड्यांत हवा असतेच. त्यामुळे जठरातील अल्सर सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. त्यासाठी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एन्डोस्कोपी, लागते.

नॉर्मल रिपोर्ट कपाटात ठेवून महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहणे हा माझ्या मते जिवाशी खेळ आहे. वजन घटत असेल, घास अडकत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास वेळ लावू नये. शौचास डांबरासारखे काळे होत असेल तर त्याच दिवशी जावे. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या, विशेषतः सांधेदुखीच्या, सोबत न्याव्यात. अनेकदा अल्सरचे मूळ त्यांतच सापडते.