पऱ्हाटी लाल पडली तर तिला कोणी आळशी म्हणत नाही



आपल्या तालुक्यातला एक जुना कार्यकर्ता मध्ये चार महिने बैठकीला आला नाही. रस्ता रोकोत पहिल्या ओळीत बसणारा, दोनदा जेलात जाऊन आलेला माणूस. आम्ही म्हणालो, थंड झाला. कोण्या पक्षाने ओढला असेल. त्याच्या घरी मात्र आमच्यापैकी एकही जण गेला नाही. शेवटी त्याच्या बायकोने आशाताईला सांगितले, "हे रात्री तीनला उठून बसतात. ज्वारी कापणीला आली तरी वावरात जात नाहीत. बैलाच्या पाठीवर हातसुद्धा फिरवत नाहीत." गावचा डॉक्टर अशक्तपणा म्हणून सलाईन लावत होता. सोयरे म्हणत होते, बाहेरचे काही लागले. जिल्हा रुग्णालयात नेल्यावर कळले की हा नैराश्याचा आजार आहे.

हे आम्ही लिहितो, कारण चूक आमचीही आहे. शेतकऱ्याला मानसोपचार हवा असे कोणी अधिकारी म्हणाला की आम्ही उसळून विचारायचो, "भाव पाडणारे तुम्ही, आणि वेडे आम्ही?" प्रश्न खोटा नव्हता. दुबार पेरणी, बोंडअळी, खर्चही न निघणारा भाव, दारात सावकार. अशा घरात माणूस खचणारच. समुपदेशक नेमला म्हणून कापसाच्या भावाचा हिशेब मिटत नाही. ती लढाई चालूच राहील.

पण पऱ्हाटीवर लाल्या आला की आपण काय करतो? जमिनीत कस कमी पडला म्हणून पान लाल झाले, हे आपल्याला कळते. पुढच्या साली शेणखत टाकू म्हणतो. पण उभ्या पिकावर मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी आजच करतो. पऱ्हाटीला आळशी म्हणत नाही. माणसाला मात्र लगेच म्हणतो. भावाची लढाई म्हणजे जमिनीचा कस वाढवणे. उभ्या माणसाचा उपचार त्यासाठी थांबवायचा नसतो.

चार दिवस मन उदास होणे म्हणजे आजार नव्हे. पण दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहते किंवा कशातच जीव लागत नाही. झोप उडते, भूक मरते, अंगात त्राण राहत नाही, साधा हिशेब जुळत नाही, आपण घरावर भार आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात. अशी बरीच लक्षणे एकत्र दिसली तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. पुष्कळ जण मनाचे बोलतच नाहीत, डोके आणि अंग दुखते एवढेच सांगतात. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो, आणि त्यांची विचारपूस सर्वांत कमी होते.

उपचार आहे. बोलून धीर देण्याची शास्त्रीय पद्धत आहे, गोळ्या आहेत. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. त्यांची दारूसारखी चटक लागत नाही; दारूने मात्र आजार बळावतो.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले. २०१७ साली छापलेल्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्या शंभरांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४ होते, दीड वर्षात २७ झाले. शिकलेला शेजारी दारात आला तर माणूस बोलतो, एवढाच त्याचा अर्थ.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून हा उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या आणि महिन्यातून ठरल्या दिवशी मनाचा डॉक्टर, ही मागणी भावाच्या मागणीशेजारी लिहा. ही भीक नव्हे.

आणि आपले काम आपण करू. जो बैठकीला येईनासा झाला, त्याच्या घरी दोघे जण जा. उपदेश करू नका, ऐका. "जीव द्यावासा वाटतो काय?" असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. तो हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध त्या घरातून हलवा आणि त्याला दवाखान्यात न्या. १४४१६ या सरकारी नंबरावर रात्री-बेरात्रीही फुकट आणि मराठीत बोलता येते.

आमचा तो कार्यकर्ता आता बैठकीला येतो. त्याचे कर्ज एका रुपयाने कमी झालेले नाही. पण परवा सोसायटीच्या सचिवाशी व्याजावरून तो तासभर भांडला. आम्ही बाजूला उभे राहून ऐकत होतो, आणि बरे वाटत होते.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना आलेल्यांबरोबर न आलेल्यांचीही नावे वाचू.