हिरवा रंग मामंजींचा

मैत्रिणींनो, कुंकवाच्या केमहून एका ताईंनी विचारलंय, “मामंजी साड्या घेताना नेहमी म्हणायचे, ‘हवा तो रंग घ्या, हिरवा असला म्हणजे झालं!’ वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत हे त्यांच्या नावानं छापायचंय. पण मुलगा म्हणतो, हे कुठल्याशा जुन्या मोटारीवरचं आहे. खरं काय?”

ताई, मुलाचं बरोबर आहे. मूळ बोल हेन्री फोर्डचा, ‘मॉडेल टी’ मोटारीबद्दलचा; रंग तेवढा काळा. ही गाडी १९०८ ते १९२७ निघत होती. आपण १९०९ मध्ये असं बोललो, हे फोर्डनंच १९२२ च्या ‘माय लाइफ अँड वर्क’मध्ये सांगितलंय. गंमत बघा, सुरुवातीला ती लाल, हिरवीही मिळे. नुसती काळी झाली ती १९१४ च्या सुमारास!

म्हणून मामंजींचं वाक्य गाळू मात्र नका हं. काळ्याचा हिरवा करून तो लेकीसुनांच्या पदरात घालणारे तेच ना? खाली एवढंच लिहा : ‘मूळ बोल फोर्डचा, हिरवा रंग मामंजींचा.’

आणि आपण सगळ्याजणी वहीत सुविचार उतरवतो, त्याखाली नाव, पुस्तक, साल टिपत जाऊ या. पुढच्यांची शोधाशोध वाचेल.