‘ध’चा ‘मा’ आणि आमचा मोती

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरातली एकही खुर्ची जागची हललेली नाही. एरवी दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या अंगात संचारणारे वारे. त्या आठवड्यात दिवाण खिडकीशी जातो, पुस्तकांचे कपाट दारामागे जाते आणि मी गॅलरीत जातो. यंदा मात्र तिनेच फर्मान काढले, की वस्तू जिथल्या तिथे पुसायच्या, सरकवायच्या नाहीत. कारण आमचा मोती. मोतीला साऱ्या घराचा नकाशा पाठ आहे, आणि तो पाठच असावा लागतो, कारण मोतीला आता दिसत नाही.

मोती हा सायीच्या रंगाचा लॅब्रॅडॉर. आमच्याकडे आला तो सहा आठवड्यांचा असताना. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असा केंद्र सरकारचा 2017 सालचा नियम आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. विकणाऱ्या गृहस्थांनी पिल्लाबरोबर वंशावळीचा कागद दिला. त्यात पणजोबा-पणजीपर्यंतची नावे होती, आणि सगळी अशी भारदस्त विलायती, की मला माझ्या घराण्याची थोडी लाजच वाटली. कागद मी चौकटीत बसवायचाच काय तो बाकी ठेवला होता.

पाच वर्षे मजेत गेली. मग एकदा हनुमान टेकडीवरून तिन्हीसांजेला उतरताना मोती पायऱ्यांपाशी थबकला. पुढचा पाय हवेत धरून तो जमीन चाचपू लागला. दिवसा ठीक, दिवेलागणीनंतर मात्र उंबऱ्याला ठेचकाळणार, असे होऊ लागले. आम्ही आपसांत निदान केले, मोतीबिंदू! नावातच आहे, दुसरे काय होणार? शस्त्रक्रिया करू, खर्च होईल तो होईल. पण जनावरांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत त्याच्या डोळ्यांत बारीक उजेड टाकून बराच वेळ पाहिले आणि सांगितले, की दोष भिंगाचा नाही, मागच्या पडद्याचा आहे. दृष्टिपटलातल्या अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी आधी मरतात, म्हणून पहिल्याने रात्र जाते. मागाहून शंकुपेशी जातात आणि दिवसही जातो. यावर औषध नाही. “हे रक्तातून आलेले आहे. खात्रीसाठी गालाच्या आतला नमुना तपासून घ्या,” ते म्हणाले.

अहवाल आला त्यात लिहिलेले समजून घ्यायला मला मराठीच्याच पेशाचा आधार घ्यावा लागला. कुत्र्याच्या साऱ्या शरीराची पोथी सुमारे 240 कोटी अक्षरांची आहे. टाशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीची ही पोथी शास्त्रज्ञांनी वाचून 2005 साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, 2006 साली, मोतीच्या रोगाचे मूळ सापडले. एवढ्या प्रचंड ग्रंथात एकच अक्षर बदललेले! आम्हा पुणेकरांना याचे नवल वाटायचे कारण नाही. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्यामुळे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती कथा खरी की खोटी हे इतिहासकार जाणोत. मोतीच्या बाबतीत ‘ध’चा ‘मा’ झाला हे मात्र प्रयोगशाळेने सही करून दिले आहे. आणि गंमत नव्हे, पण चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की हीच चूक, अगदी त्याच जागी, याच आजाराच्या एका माणसातही आढळली.

आता पोथ्या दोन असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. एकीत चूक असली तरी दुसरीत शुद्ध पाठ असला, की शरीर तो वाचून काम भागवते. असे कुत्रे जन्मभर उत्तम पाहते, फक्त चुकीची प्रत आपल्या निम्म्या पिल्लांना देऊन जाते. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही प्रतींत तीच चूक असेल तरच दृष्टी जाते. मोतीच्या दोन्ही प्रती अशुद्ध होत्या. म्हणजे चौकटीत बसवण्याजोग्या त्या कागदावरची त्याची आई आणि त्याचा बाप, दोघांनीही ती चूक बाळगली होती, आणि कागदात त्याचा एक शब्द नव्हता. त्या गृहस्थांना मी फोन केला. ते म्हणाले, “सर, कागद क्लीन आहे ना?”

त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मला फार वेळ राहिला नाही. कारण मीही तेच करून बसलो होतो. मोती तीन वर्षांचा असताना सहकारनगरातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या राणीशी आम्ही त्याची सोयरीक जुळवली होती. रंगाला रंग शोभतो, कान छान पडलेले, स्वभाव गरीब, एवढे पाहिले आणि अक्षता टाकल्या. सहा पिल्ले झाली. रिवाजाप्रमाणे नराच्या मालकाला एक, ते कोथरूडला मेव्हण्याकडे गेले. बाकीची पाच काकांनी विकली. मोतीकडे शुद्ध प्रत नव्हतीच, तेव्हा सहाही जणांकडे एक अशुद्ध प्रत गेलेली होती. राणीही वाहक निघाली असती, तर त्यांतल्या प्रत्येकावर आंधळेपणाची निम्मी टांगती तलवार होती. म्हणजे राणीची तपासणी झाल्याशिवाय काही कळणार नव्हते. मी काकांकडे गेलो.

“प्रोफेसर, तुमच्या मुलात दोष निघाला, वाईट वाटलं,” काका म्हणाले, “पण आमची राणी ठणठणीत आहे. तिच्यात कशाला खोट काढता?”

“अहो काका, खोट काढत नाही. गालाच्या आतून एक काडी फिरवायची, एवढंच.”

“आणि निघालं काही म्हणजे? पिल्लं नेलेली मंडळी माझ्याकडे पैसे मागायला येतील. ते तुम्ही देणार?”

प्रश्न रोखठोक होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन काकू आल्या. “पत्रिका बघितल्याशिवाय आपल्या घरात एक लग्न झालेलं मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि राणीचं तुम्ही दोघांनी नुसते कान बघून ठरवलंत. आणा ती काडी इकडे.” राणीचे तोंड त्यांनीच उघडून धरले.

अहवालाला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मला सारखे मुधोळ आठवत होते. आता ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात असले, तरी घोरपड्यांचे हे जुने मराठा संस्थान. तिथल्या सडपातळ शिकारी कुत्र्यांना मालोजीराव घोरपड्यांनी हात दिला आणि त्या जातीने नाव काढले. 2005 साली तिचे टपालाचे तिकीटही निघाले. तिथे कुत्र्याची परीक्षा माळावर होई. ससा दिसला की धावतो कसा, दम किती, पाय कसा पडतो, ते पाहून पुढची वीण ठरे. शोभेचे कान पाहून नव्हे. मला ती पद्धत आमच्या पद्धतीहून शहाणपणाची वाटते. तरीही आमच्या मोतीने मुधोळच्या पारखी शिकाऱ्यालाही चकवले असते, कारण तिसऱ्या वर्षी तो माळावर बाणासारखा धावला असता. रोग उजेडात येतो तो बारसे-बिरसे सगळे उरकल्यावर. काडी फिरवायची ती म्हणूनच आधी. अर्थात सगळेच रोग एका अक्षरात बसत नाहीत. लॅब्रॅडॉरच्या खुब्याच्या सांध्याचे दुखणे अनेक कारणांनी होते, त्याला एक्स-रेच काढावा लागतो. तोही आम्ही काढला नव्हता.

राणीच्या दोन्ही प्रती शुद्ध निघाल्या. काकांनी पेढे दिले. “मिटलं की हो, प्रोफेसर! एकही पिल्लू आंधळं होणार नाही. आता कुणाला काही सांगायची गरज नाही.”

खरे सांगतो, परतताना मलाही तसेच वाटले. पण कोथरूडला गेलो तर मेव्हण्याने बातमी दिली, की आमच्या शेरूचे आणि बिबवेवाडीच्या त्याच्या बहिणीचे जमवायचे चालले आहे. “सख्खी भावंडं ना रे ती?” “दाजी, कुत्र्यात कुठं सगोत्र बघतात?” दोघेही वाहक. त्यांच्या दर चार पिल्लांत सरासरी एक मोती. मी वहीचे पान फाडून चौकोन मांडून दाखवला. तेव्हा स्वारी एकदम दुसऱ्या टोकाला गेली. “मग याला बादच करायचा म्हणा की!” तेही नव्हे. शेरूला शुद्ध प्रतींची बायको पाहिली, तर एकही पिल्लू आंधळे होणार नाही. वाहक निघतील ती तपासून पुढे काळजी घ्यायची. एकेका अशुद्ध अक्षरापायी चांगले धडधाकट वाहक सरसकट वगळत गेले, तर जातीत उरतील थोडी घराणी, आणि आतल्या आत सोयरिकी होऊन दुसऱ्याच चुका वर येतील. मेव्हण्याने कान खाजवला. शेरूनेही.

मग उरलेल्या पाच घरी गेलो. अहवालाच्या प्रती झेरॉक्स करून नेल्या होत्या. एका घरी चहा मिळाला. एका घरी गृहस्थ दारातच म्हणाले, “आमचं कुत्रं चांगलं आहे म्हणता, मग सांगायला आलात कशाला?” बिबवेवाडीच्या बाईंनी सगळे नीट ऐकून घेतले, दोनदा वाचले आणि विचारले, “मोतीला आता अगदीच दिसत नाही का?” मी हो म्हटले. पुढचे त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी आपल्या कुत्रीला हाक मारली.

काका माझ्याशी अजून थोडे तुटकच बोलतात. काकूंनी मात्र मोतीसाठी गळ्यातली घुंगरे पाठवली. ती आम्ही मोतीच्या नव्हे, धाकटीच्या पैंजणांत ओवली, म्हणजे ती कुठे आहे ते त्याला कळते. दिवाळीला पाहुणे आले, की ती छुमछुमत दाराशी जाते आणि प्रत्येकाला बजावते, “चपला भिंतीला लावून ठेवा हं. मधे नकोत.”