एक पार्ट पुढच्या बॅचसाठी

सबमिशनला आठ दिवस उरलेत. बोर्ड बनून आलाय, सगळे पार्ट सोल्डर करून झालेत. सप्लाय दिला, पण रिले काही ओढत नाही. मल्टिमीटर घेऊन दोन तास डोकं खाजवल्यावर कळतं, की सर्किट बरोबर आहे, कोडही बरोबर आहे, फक्त ट्रान्झिस्टर उलटा आहे. बोर्डवर छापलेल्या खुणेप्रमाणेच तुम्ही तो बसवला होता, पण मुळात ती खूणच चुकलेली होती. मग त्याचे पाय वाकवून, एकमेकांवरून ओढून कसाबसा डेमो पार पडतो. ईएनटीसीच्या कुठल्याही वर्गात विचारा, थोड्याफार फरकाने हा किस्सा कुणीतरी सांगेलच.

वाईट याचं वाटतं, की गेल्या वर्षीच्या बॅचकडेही हाच किस्सा होता. तेव्हाही कुणीतरी रात्र जागून ती चूक शोधली, आपल्या फाइलमध्ये दुरुस्त केली आणि पास होऊन निघून गेलं. तो दुरुस्त केलेला पार्ट त्याच्याच लॅपटॉपमध्ये राहिला आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, किकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पीसीबी काढताना प्रत्येक पार्टच्या दोन गोष्टी लागतात. एक सिम्बॉल, म्हणजे सर्किटच्या आकृतीतलं चिन्ह. दुसरा फूटप्रिंट, म्हणजे त्या पार्टचे पाय बोर्डवर नेमके कुठे आणि किती अंतरावर बसणार याचं माप. जोडीला हवं तर थ्रीडी मॉडेल. या सगळ्यांचा साठा म्हणजे लायब्ररी. माप चुकलं तर शिंप्याने कितीही सुबक शिवलं तरी शर्ट अंगात जात नाही, तसंच इथे होतं.

मापं चुकतात ती अगदी साध्या जागी. बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असा धरला, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दोघांचं रूप हुबेहूब सारखं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने ‘तो नाही, हा चालेल’ म्हणून दुसरा हातात ठेवला, की संपलं. आठ पायांच्या एसओआयसी जातीच्या आयसींचंही तसंच. पायांमधलं अंतर सगळीकडे १.२७ मि.मी., पण अंगाची रुंदी कधी ३.९ मि.मी. तर काही मेमरी चिप्समध्ये ५.३ मि.मी. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात. साध्या हेडरच्या दोन पिनांत २.५४ मि.मी. अंतर असतं आणि जेएसटी एक्सएच कनेक्टरमध्ये २.५. फरक फक्त ०.०४ चा, पण १६ पिनांच्या कनेक्टरमध्ये तो ०.६ मि.मी. होतो आणि शेवटची पिन भोकात शिरत नाही.

किकॅडसोबत येणारी लायब्ररी मोठी आहे, हे खरं. पण आपल्याकडच्या दुकानात मिळणारा अमुक एक रिले, बिननावाचा टर्मिनल ब्लॉक, छोटा ट्रान्सफॉर्मर, सेन्सरचं तयार मॉड्यूल हे सगळं तिच्यात सापडेलच असं नाही. काहींची डेटाशीटही मिळत नाही. ते तुम्हालाच व्हर्निअर घेऊन मोजावे लागतात. म्हणजे तुमच्या ग्रुपने काढलेल्या पाच-सात पार्टची किंमत तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. शेजारच्या कॉलेजातल्या मुलांनाही त्याच दुकानातून तोच रिले घ्यायचाय.

‘आम्ही राबलो, ज्युनिअर्सना फुकट का द्यायचं?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचं उत्तर तुमच्याच स्क्रीनवर आहे. किकॅडची सुरुवात १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या ज्याँ-पिएर शारा यांनी केली. पुढे जिनिव्हाच्या सर्न या संशोधन संस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला. आणि तुम्ही रोज दोन क्लिकमध्ये जे रेझिस्टर, रेग्युलेटर, यूएसबी सॉकेट उचलता, त्यातले कितीतरी जगभरच्या लोकांनी आपल्या वेळात काढून दिलेत. त्यांनी मापं कशी घ्यायची, पहिली पिन कशी दाखवायची, नावं कशी द्यायची याचे नियम ठरवलेत आणि नवीन पार्ट त्या नियमांवर घासूनच आत घेतला जातो. आपण त्या पंगतीत रोज जेवतो. कधीतरी वाढायलाही उभं राहायला हवं.

दुसरी शंका मात्र खरंच विचार करण्यासारखी आहे. ‘माझाच फूटप्रिंट चुकीचा असेल तर?’ बरोबर. न तपासलेला पार्ट वाटला तर एकाची चूक पन्नास बोर्डांवर जाते. म्हणूनच नुसतं शेअर करणं पुरेसं नाही. काय तपासलं, हे सोबत लिहायला हवं.

त्यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक पार्टपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: ‘नुसता काढलेला’, ‘कागदावर तपासलेला’ किंवा ‘बोर्डवर चाललेला’. कागदावर तपासणं म्हणजे फूटप्रिंट शंभर टक्के स्केलवर प्रिंट करायचा आणि खरा पार्ट त्यावर ठेवून पाहायचा. झेरॉक्सच्या दुकानात ‘फिट टु पेज’ बंद करायला सांगा, नाहीतर सगळंच माप बिघडेल. मापं कुठून घेतली तेही लिहा. डेटाशीट असेल तर तिचा क्रमांक आणि आवृत्ती, नसेल तर ‘व्हर्निअरने मोजलं’ असं सरळ लिहा. डेटाशीटमधलं चित्र वरून पाहिलेलं आहे की खालून, हे दोनदा बघा. आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा फूटप्रिंट इथेच जन्माला येतो. भोक पायाच्या कमाल जाडीपेक्षा निदान ०.२ मि.मी. मोठं ठेवा. आणि नावात ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘सरांचा फायनल’ असलं काही नको. पार्टचा नंबर आणि माप लिहा.

किकॅडच्या सिम्बॉल आणि फूटप्रिंटच्या फाइल्स साध्या मजकुराच्या असतात. त्यामुळे त्या गिटमध्ये ठेवल्या, की कुणी, कधी, काय बदललं ते ओळीनिशी दिसतं. कोडसाठी गिट वापरायला तुम्ही शिकलाच आहात, तेच इथे वापरायचं. खुल्या स्वरूपाचं महत्त्व ईगल वापरणाऱ्यांना चांगलंच कळलंय. वर्षानुवर्षं शौकीन मंडळींचं लाडकं असलेलं हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं आणि ७ जून २०२६ पासून ते मिळणार नाही असं २०२३ मध्ये जाहीर केलं. ज्यांचं सगळं काम त्याच्यात होतं, त्यांना ते दुसरीकडे हलवायच्या मागे लागावं लागलं.

परवान्याचाही एकदा विचार करा. फाइल्स नुसत्या टाकून दिल्या, तर समोरच्याला त्या वापरायचा हक्क आहे की नाही हेच कळत नाही. किकॅडच्या अधिकृत लायब्रऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, बदल केलात तर तसेच खुले ठेवा’ या परवान्याखाली आहेत. त्यात एक सवलतही आहे: त्या वापरून केलेलं तुमचं सर्किट खुलं करायची सक्ती नाही. म्हणजे उद्या स्टार्टअप काढलात तरी अडचण नाही. तुम्हीही असंच काहीतरी निवडून लिहून ठेवा. मात्र इंटरनेटवरून मोफत उतरवलेला प्रत्येक पार्ट पुढे वाटायची मुभा असतेच असं नाही. अट वाचा. शंका असेल तर स्वतः काढा, तेवढीच प्रॅक्टिस.

असं काम विद्यार्थ्यांकडून होऊ शकतं याचा दाखला आपल्याजवळच आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पाने किकॅड आणि एनजीस्पाइस यांना एकत्र आणून ई-सिम तयार केलं. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी त्यात केलेली सर्किट्स तिथे सगळ्यांसाठी खुली ठेवली जातात. त्यासाठी कुणी आयआयटीत शिकत असायला लागत नाही.

आता दोन शब्द सरांना आणि मॅडमना. प्रोजेक्टच्या मार्कांमध्ये रिपोर्टला जागा असते, प्रेझेंटेशनला असते. तपासून दिलेल्या लायब्ररीलाही थोडी असू द्या. डिपार्टमेंटच्या नावाने एकच सामायिक रिपॉझिटरी उघडा आणि कुणीतरी दुसऱ्याने तपासल्याशिवाय त्यात काही जाऊ देऊ नका. दुसऱ्याच्या कामातली चूक सभ्यपणे दाखवणं आणि आपल्यातली मान्य करणं हे नोकरीत पहिल्याच महिन्यात लागतं, आणि त्याची सवय कॉलेजात फारशी कुठे होत नाही.

आणि तुम्ही? सगळी लायब्ररी आजच नीट करायला बसू नका, तीन दिवसांत कंटाळाल. ज्या पार्टने या सेमिस्टरला सर्वांत जास्त छळलं, तो एकच घ्या. मापं पुन्हा तपासा, प्रिंट काढा, शेरा लिहा, परवाना जोडा आणि टाका. ब्लॅक बुक बाइंडिंगला द्याल त्याच दिवशी हेही उरकून टाका. ब्लॅक बुक डिपार्टमेंटच्या कपाटात जाईल आणि बहुतेक तिथेच राहील. तुमचा रिले मात्र पुढच्या जुलैत कुणीतरी नक्की उघडेल, आणि त्याचा बोर्ड पहिल्याच फटक्यात चालेल.