भातुकलीत जिंकते कोण?

कबड्डीत एक संघ जिंकतो, दुसरा हरतो. भातुकलीत कोणीच हरत नाही. तरीही मराठीत दोन्हींना 'खेळ'च म्हणतात. संगणकाच्या पडद्यावरील आभासी जगांच्या बाबतीत मात्र हा भाषेचा सैलपणा आता परवडणारा नाही. कारण एखाद्या गोष्टीला 'गेम' म्हणायचे की नाही, यावर मालकी, पैसा आणि कायदा अवलंबून राहू लागला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये 'सेकंड लाइफ' सुरू केले. त्यात गुण नाहीत, पायऱ्या नाहीत, शेवटही नाही. तेथे वावरणाऱ्यांना कंपनी 'खेळाडू' न म्हणता 'रहिवासी' म्हणते. हे रहिवासी घरे बांधतात, कपडे शिवून विकतात, जमिनीचे व्यवहार करतात. तेथील 'लिंडन डॉलर' खऱ्या डॉलरमध्ये बदलून मिळतात. २००७ मध्ये मालदीव आणि स्वीडनने तेथे 'दूतावास' थाटले. हे जरा अतीच झाले असे वाटेल. पण बुद्धिबळाच्या पटावर दूतावास उघडण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते, हेही खरे.

खरा पेच जमिनीवरून उद्भवला. पेनसिल्व्हेनियातील एका वकिलाने तेथे जमीन घेतली. लिलावातील त्याची खरेदी गैरमार्गाने झाल्याचा ठपका ठेवून कंपनीने २००६ मध्ये त्याचे खाते गोठवले आणि मालमत्ता काढून घेतली. गेम म्हटला, तर नियम मोडणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार आयोजकाचा. परंतु रहिवाशांनी निर्माण केलेल्या वस्तूंवर त्यांचाच बौद्धिक हक्क, असे कंपनीनेच २००३ मध्ये जाहीर केले होते. वाद लवादाकडेच नेण्याची करारातील सक्ती फेडरल न्यायालयाने २००७ मध्ये अमान्य केली. मात्र त्याच वर्षी तडजोड झाली आणि मालकीचा मूळ प्रश्न अनिर्णीत राहिला.

एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात २०२१ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. गेमला सुरुवात, शेवट आणि आव्हाने असतात, असे सांगत ॲपलच्या अधिकाऱ्याने 'रोब्लॉक्स'मधील निर्मितीला 'अनुभव' ठरवले. काही दिवसांतच रोब्लॉक्सच्या संकेतस्थळावर 'गेम'च्या जागी 'अनुभव' हा शब्द आला. मुले तेथे खेळतच होती; बदलली ती फक्त पाटी. न्यायालयानेही निकालात व्हिडिओ गेमची पक्की व्याख्या बांधण्याचे टाळले.

वस्तुतः ही जगे खेळ नव्हेत, मैदाने आहेत. शिवाजी पार्कवर क्रिकेट चालते, सभा होतात, ज्येष्ठ नागरिक फेऱ्या मारतात. म्हणून शिवाजी पार्क हा काही खेळ ठरत नाही. नियम लावायचा तो मैदानावर काय चालले आहे ते पाहून. भारतात २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली, ती जिंकून लाभ होण्याच्या अपेक्षेची कसोटी लावून. आभासी पोशाख विकणारा काही जिंकत नाही, तो कमावतो. शेजारीच जुगाराचा अड्डा असेल, तर गोष्ट वेगळी. लिंडन लॅबने तसे अड्डे २००७ मध्येच बंद केले आणि २००८ च्या जानेवारीत, ठेवीदारांचे पैसे बुडाल्यानंतर, परवान्याविना व्याज देणाऱ्या आभासी बँकांनाही टाळे ठोकले. त्या ठेवीदारांना आपण गेममध्ये हरलो, असे वाटले नसणार.