बंबाचं अर्धं दार



ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे गेली की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एकच विषय सुरू होतो, गॅसचं बिल. कोणी म्हणतं, हीटिंग दिवसभर मंद चालू ठेवा. कोणी म्हणतं, लागेल तेव्हाच लावा. कोणीतरी बॉयलरचा फोटो टाकून विचारतं, "हे बटण कशाचं?" मागच्या आठवड्यात तिघांनी मला वेगळा मेसेज केला, "तू इंजिनिअर ना, जरा सांग."

आता मी सॉफ्टवेअरवाला. पण कर्नाटकात बीईच्या पहिल्या वर्षी सगळ्याच शाखांना मेकॅनिकलचा एक पेपर असायचा. त्यात लँकेशायर बॉयलरची आकृती हमखास यायची. आडवं मोठं पिंप, पिंपात पाणी, पाण्यातून आरपार गेलेल्या दोन नळ्या आणि नळ्यांत जाळ. १८४४ साली मँचेस्टरच्या विल्यम फेअरबेर्न यांनी त्याचं पेटंट घेतलं. ती आकृती घोकताना मी मनात म्हणालो होतो, अरे, हा तर आमचा बंब आडवा पाडलाय! आज मी त्याच लँकेशायरपासून तासाभराच्या अंतरावर राहतो, हा योगायोग. बॉयलरबद्दल मला जे कळतं, त्यातलं निम्मं त्या बंबामुळे कळलं. म्हणून या महिन्यात आधी धारवाडला जाऊन येऊ.

आमचं घर सुभाष रोडला लागून असलेल्या बोळात. धारवाड माहीत असणाऱ्यांना सुभाष रोड म्हटलं की मनोहर ग्रंथमाळेचा 'अट्टा' आठवेल. १९३३ साली जी. बी. जोशींनी सुरू केलेली ही कन्नड प्रकाशन संस्था, आणि तिचा माळा म्हणजे लेखकांचा अड्डा. गिरीश कार्नाडांचं 'ययाति' तिथूनच छापलं गेलं. कन्नडमध्ये अट्टा म्हणजे माळा. आमच्याही घराला अट्टा होता, पण त्यावर साहित्यिक नव्हते. तिथे फुटक्या बरण्या, गणपतीचं मखर आणि नंतरच्या काळात आजीचा तांब्याचा बंब होता.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं उभं पिंप, मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी. नळीत वरून करवंट्या, लाकडाच्या ढलप्या, शेंगांची टरफलं टाकायची. जाळाभोवती सगळीकडून पाणी. खाली राख पडायला जागा आणि तिथेच हवा आत जायला एक छोटं दार. बाजूला तोटी. डिसेंबरच्या पहाटे धारवाडला चांगलीच थंडी असते. सहा माणसांची अंघोळ त्या एका बंबावर व्हायची.

आजी चौथी शिकलेली. पण तिचे तीन नियम होते. पहिला, नळी आतून काजळीनं भरली की ती आधी खरवडायची, मगच पेटवायची. दुसरा, पाणी तापलं की एकामागून एक अंघोळी उरकायच्या. "पाणी तुमची वाट बघत निवतंय," असं म्हणून ती आम्हाला अंथरुणातून ओढायची. तिसरा नियम दाराचा. जाळ धरला की ती राखेपाशी असलेलं दार अर्धं लावायची. पूर्ण उघडं ठेवलं तर जाळ भडकतो आणि उष्णता नळीतून सरळ वर निघून जाते. मी एकदा हुशारी करून ते दार पूर्ण लावलं, तर धूर झाला आणि पाठीत धपाटा मिळाला. "अर्धं म्हणजे अर्धं. पुरं लावलंस तर जाळ घुसमटतो आणि आपणही."

बॉयलरची कार्यक्षमता या विषयावर जाडजूड पुस्तकं आहेत, पण सार याच तीन नियमांत आहे. उष्णता जिथून पाण्यात जाते तो पत्रा स्वच्छ हवा. गरज नसताना पाणी तापवून ठेवू नये. आणि धुराड्यावाटे जाणारी उष्णता कमीत कमी असावी, पण जळायला हवा मात्र पुरेशी मिळाली पाहिजे.

आता आपल्या भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीकडे येऊ. नैसर्गिक वायू जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफ तयार होते. गॅसमधल्या एकूण उष्णतेचा साधारण दहावा भाग या वाफेत अडकलेला असतो. जुने बॉयलर ती वाफ बाहेर सोडून द्यायचे. कंडेन्सिंग बॉयलर ती आतच थंड करून तिचं पाणी करतो आणि ती उष्णता परत मिळवतो. त्याच्या खालून प्लास्टिकचा एक पाईप नाल्याकडे गेलेला दिसतो ना, तो या पाण्यासाठी. इंग्लंडमध्ये २००५ पासून, काही अपवाद सोडले तर, नवा गॅस बॉयलर याच जातीचा बसवावा लागतो.

पण गंमत इथेच आहे. ही वाफ निवायला आत काहीतरी थंड हवं, आणि ते म्हणजे रेडिएटर्समधून फिरून परत येणारं पाणी. ते साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच वाफेचं पाणी होतं. बॉयलर ७५-८० अंशांवर लावून ठेवला की परतीचं पाणीही गरमच येतं. मग कंडेन्सिंग बॉयलरचे पैसे भरून आपण जुन्या बॉयलरसारखाच वापर करतो. माझ्या घरी पहिली दोन वर्षं हेच चालू होतं. बॉयलरवर ८० अंशांचा आकडा बघून मला उलट बरं वाटायचं, दणकट मशीन आहे म्हणून! ते आणून ठेवलं ६० वर. रेडिएटर हाताला कमी चटका देऊ लागले, घर गरम व्हायला थोडा जास्त वेळ लागला, पण घर तेवढंच उबदार राहिलं. या बदलानं गॅस सुमारे ६ ते ८ टक्के वाचतो, असं इथल्या बॉयलर उद्योगाचंच म्हणणं आहे. वर्षाला १०,००० युनिट गॅस हीटिंगला जात असेल तर ६०० ते ८०० युनिट वाचतात. वीस लिटरची बादली अंघोळीइतकी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. म्हणजे आजीच्या हिशोबात हजाराहून जास्त बादल्या झाल्या.

हे यश माझ्या डोक्यात गेलं. मी जो भेटेल त्याला उष्णता कशी वाचवायची ते सांगू लागलो. आणि आता जे लिहितोय ते ग्रुपवर कधी सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी घरचा विजेचा गीझर बिघडला आणि बाबांनी गॅसचा गीझर बसवून घेतला, सिलिंडरवर चालणारा. बसवला न्हाणीघराच्या आतच. न्हाणीघर जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, वरती काचेच्या पट्ट्यांची एक झडप. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "पाणी छान तापतं रे, पण वरून गार वारा येतो." मी इकडून ऐटीत सांगितलं, "बाबा, त्या पट्ट्यांवर पुठ्ठा लावून टाका. उष्णता सगळी बाहेर जातेय." बाबांनी संध्याकाळीच पुठ्ठा लावला. मुलगा इंजिनिअर, परदेशात राहणारा. शंका कशाला घ्यायची?

चौथ्या दिवशी आई अंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बादली पडल्याचा आवाज शेजारच्या काकूंनी आधी ऐकला. आई आतून कडी लावत नाही, ही तिची जुनी सवय. त्या दिवशी तीच सवय कामी आली. बाबांनी दार ढकललं तर आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे, पण बोलता येत नव्हतं. दोघांनी तिला उचलून गच्चीवर आणलं. काकू घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत म्हणत होत्या, "गाळी बर्ली बिड्री," म्हणजे वारा येऊ द्या हो. मग सुभाष रोडच्या गर्दीतून रिक्षा काढत दवाखाना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गॅस गीझर आत आहे का?" ऑक्सिजन लावला. आई दुसऱ्या दिवशी घरी आली.

झालं होतं ते असं. बंद खोलीत गीझर जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि गॅस पुरता जळत नाही. मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, याला तोही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी याला घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि पायांतली ताकद जाते, त्यामुळे कळलं तरी उठून बाहेर येता येत नाही. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. मी त्या वाचलेल्या होत्या. तरीही पुठ्ठा लावायला मीच सांगितलं. आणि त्या झडपेमुळे पाण्याच्या तापण्यात काहीच फरक पडत नव्हता. ती फक्त हवा येण्या-जाण्याची वाट होती.

रात्री बाबांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "तू सांगितलेला पुठ्ठा काढलाय रे." रागावले असते तर बरं झालं असतं.

आमच्या कामात एक चूक नवी मुलं हमखास करतात. प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून आतली एखादी तपासणी काढून टाकतात. प्रोग्रॅम पळायला लागतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि ती तपासणी तिथे का होती ते अपघात झाल्यावर कळतं. आजीनं दार अर्धंच का लावायचं ते मला धपाटा देऊन शिकवलं होतं. मी त्यातलं 'लावायचं' एवढंच लक्षात ठेवलं.

तर मंडळी, थंडी वाढायच्या आत करायच्या गोष्टी अशा:

१. कॉम्बी बॉयलर असेल तर रेडिएटरचं चित्र असलेलं बटण ६० अंशांवर आणा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट वेगळा, तो खोलीचं तापमान ठरवतो. कडाक्याच्या थंडीत घर तापत नसेल तर बटण थोडं वाढवा. घरी तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर बचतीपेक्षा त्यांची ऊब महत्त्वाची.

२. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर टाकीतलं पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

३. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून किल्लीनं ती सोडा, मग बॉयलरचा दाब बघा. खालून गार असेल तर तो गाळ. त्यासाठी माणूस बोलवा.

४. दिवसभर मंद की लागेल तेव्हा? गॅस बॉयलरला बहुतेक घरांत लागेल तेव्हाच. घर जितका वेळ गरम, तितका वेळ भिंती उष्णता बाहेर देत राहतात. आजीचा दुसरा नियम.

५. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करा. येणाऱ्या माणसाचं गॅस सेफचं कार्ड बघून घ्या. विचारायला संकोच नको.

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं. हल्लीचे बहुतेक बॉयलर हवा बाहेरूनच घेतात आणि धूर बाहेरच सोडतात. पण जुन्या घरात गॅसची शेगडी किंवा जुना बॉयलर असेल तर भिंतीत हवेसाठी मुद्दाम जाळी ठेवलेली असते. गार वारा येतो म्हणून तिच्यात फडकी कोंबू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा. घरात सगळ्यांचंच डोकं दुखतंय आणि बाहेर पडलं की बरं वाटतंय, असं झालं तर गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

सातवी गोष्ट भारतातल्या घरासाठी. आज रात्रीच फोन करून विचारा, "गीझर गॅसचा आहे का? आत आहे की बाहेर?" आत असेल तर तो बाहेर, मोकळ्या हवेत लावून घ्या आणि फक्त पाण्याचा पाईप आत आणा. तोवर आत गीझर चालू ठेवून कुणी अंघोळ करू नये. आई-बाबा म्हणतील, "आम्हाला काही होत नाही." त्यांचं ऐकू नका.

आमच्या घरी गीझर आता गच्चीकडच्या भिंतीवर आहे आणि न्हाणीघराची झडप उघडी. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा बंब भंगारात द्यायचं चाललं होतं. मी माळ्यावरून खाली काढला आणि चिंच लावून घासला. राखेचं दार गंजून अडकलंय, अर्ध्यावरच. आई म्हणाली, "राहू दे तसंच."

तुमच्याही घरी बंब असेल, त्याची एखादी आठवण असेल, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या महिन्यात. तोवर फोन करायला विसरू नका.